आतली कडी

॥ श्रीविठ्ठल ॥



तुमसर येथे आमच्या मंडळीच्या नामसप्ताहात ह्या विषयावर चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला होता. बोलताना जे सुटले ते नंतर आठवले, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींनी "महाराज, हे लिहून द्या, आमच्या गावी वाचून दाखवू" असा आग्रह धरला. म्हणून हा लेखनप्रपंच. मी पंडित नव्हे. धानाच्या मुलखातला माणूस आहे, तेव्हा दृष्टान्तही धानाचेच येतील. गोड मानून घ्यावे.

विषय दिसायला लहान आहे. पुष्कळ दिवस घरात राहिलेल्या माणसाने पुन्हा चारचौघांत कसे यावे, एवढाच. कोणी म्हणेल, यात निरूपण करण्यासारखे काय आहे? दार उघडावे, चपला पायात घालाव्या आणि निघावे! पण तसे झालेले दिसत नाही. साथ ओसरली, बंदी उठली, बाजार भरले, गाड्या धावू लागल्या, पंढरीची वाट पुन्हा माणसांनी फुलून गेली. आणि तरीही गावोगावी, आळीआळीत दोनचार माणसे अशी आहेत की जी त्या दिवसांत घरात गेली ती अजून पुरती बाहेर आलेली नाहीत. देहाने येतात, बाजारहाट करतात, लग्नात अक्षता टाकून परततात. पण कीर्तनात येऊन बसत नाहीत, भजनात उभी राहत नाहीत. त्या माणसांसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्या शेजाऱ्यांसाठी, हे बोलणे आहे.

झाले ते असे

आधी झालेले नीट आठवू. कारण माणूस संकट विसरतो तसा त्याचा क्रमही विसरतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना हा जगभरचा साथरोग असल्याचे जाहीर केले. १७ मार्चला पंढरपूरच्या मंदिराचे दार भाविकांसाठी मिटले. २५ मार्चपासून सगळ्या देशात टाळेबंदी लागली. देव्हाडीला, म्हणजे आपल्या तुमसर रोड स्टेशनावर, जिथून हावडा-मुंबईच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात, तिथे प्रवाशांची गाडी दिसेनाशी झाली. ज्या माणसाला गाडीच्या आवाजाशिवाय झोप येत नसे, त्याला त्या शांततेने झोप येईना.

त्या वर्षी आषाढी १ जुलैला आली. संतांच्या पादुका पंढरीला गेल्या, पण पायी नव्हे, एस. टी. च्या गाडीत बसून, वीस-वीस माणसांनिशी गेल्या. आपल्या विदर्भातली कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखीही तशीच गाडीने गेली. पंढरपुरात संचारबंदी होती. जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही त्या वाळवंटात त्या दिवशी चंद्रभागा होती आणि वारा होता. पुढच्या वर्षी, २० जुलै २०२१ च्या आषाढीलाही मानाच्या दहाच पालख्या, दरेकीला चाळीस माणसे, आणि प्रवास गाडीचाच. हे केवळ आपल्यावर आले असेही नाही. मक्केच्या यात्रेला २०२० साली परदेशातून कोणालाही येऊ दिले नाही. रोमच्या त्या प्रचंड चौकात पोपनी २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पावसात, रिकाम्या फरशीसमोर उभे राहून प्रार्थना केली. सगळ्या जगाचीच दारे लागली होती.

मंदिर मध्ये उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. पण देवाच्या पायांवर डोके ठेवायचे ते मात्र नाही. दुरून मुख पाहायचे आणि पुढे सरकायचे. शेवटी २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, पदस्पर्श दर्शन सुरू झाले. त्याच सुमारास राज्यातले निर्बंधही उठले. २० जूनला देहूहून आणि २१ जूनला आळंदीहून पालख्या पायी निघाल्या, शेगावची पालखीही पुन्हा पायी चालली, आणि १० जुलै २०२२ ची आषाढी भरली. दोन वर्षांनी वाळवंट पुन्हा वाळवंटासारखे दिसले.

आता कोणी म्हणेल, मग संपले की! नाही, सज्जनहो. संपली ती बाहेरची गोष्ट.

मुक्ताईची ताटी

आपल्या संप्रदायात दार मिटून बसल्याची एक कथा आहे. ज्ञानदेव भिक्षेला गेले असता कोणी दुष्टाने त्यांना टाकून बोलले. संन्याशाची पोरे म्हणून लोकांनी छळण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. पण त्या दिवशी ज्ञानदेवांच्या मनाला ते लागले. ते परत आले, झोपडीत शिरले आणि बांबूची ताटी लावून आत बसले. बोलेनात, बाहेर येईनात. निवृत्तिनाथ आणि सोपानदेव थोर खरे, पण ह्या वेळी ताटीशी जाऊन उभी राहिली ती धाकटी बहीण मुक्ताई. तिने बाहेरून जे विनवले ते ताटीचे अभंग म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो.

ह्या कथेत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की दार मिटून बसणारा कोणी अज्ञानी नव्हता. ज्याला आपण माउली म्हणतो तो होता. तेव्हा माणसांपासून मिटून बसावेसे वाटणे हा काही हलकेपणा नव्हे, रोगही नव्हे. तो देहधारी माणसाचा स्वभाव आहे. दुसरी गोष्ट, ताटी बाहेरून कोणी लावलेली नव्हती. ती आतून लावलेली होती. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ती ताटी मुक्ताईला ढकलून उघडता आली नसती काय? बांबूची ताटी ती. लहान पोरानेही ढकलली असती तर उघडली असती. पण मुक्ताईने ती ढकलली नाही. ती बाहेर उभी राहिली, बोलत राहिली, आणि उघडायचे काम ज्याचे होते त्यालाच करू दिले.

आता आपल्याकडे लावून पाहा. २०२० साली आपल्या दारांना दोन कड्या लागल्या. बाहेरची कडी सरकारने लावली. ती रोगासाठी होती आणि रोग ओसरल्यावर सरकारनेच काढली. पण तितक्या दिवसांत आतूनही एक कडी लागली. भीतीची म्हणा, दुःखाची म्हणा, रागाची म्हणा, नुसत्या आळसाची म्हणा. तिच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. ती तारखेने उघडत नाही. आज गावात जी माणसे दिसत नाहीत ती ह्या आतल्या कडीच्या पलीकडे आहेत, आणि आपण त्यांना बाहेरून ओरडून सांगतो, "अरे, बंदी उठली ना, मग का येत नाहीस?" हे बोलणे मुक्ताईचे नव्हे.

एक शंका

येथे एक शंका येते, आणि ती खरी आहे. शंका अशी की घरात बसून नाम घेतले तर काय बिघडले? नामाला काळवेळ नाही, स्थळ नाही. शिवाय पुंडलिक तरी काय करीत होता? देव दाराशी आला तरी तो मायबापांची सेवा सोडून उठला नाही. वीट फेकली आणि तिच्यावर थांब म्हणाला. मग घर सोडून माणसांत यायचा एवढा आग्रह कशाला?

याचे उत्तर असे. त्या दोन वर्षांत आपण घरात राहिलो ते चूक नव्हते. ते पुंडलिकाचेच काम होते. ज्यांनी म्हाताऱ्या आईसाठी, दमेकरी बापासाठी, पोटुशी असलेल्या सुनेसाठी उंबरा ओलांडला नाही, त्यांची वारी देवाने घरी येऊन मोजून घेतली असे मी मानतो. वारी थांबवणे हीसुद्धा त्या वर्षी वारीच होती. कारण दुसऱ्याच्या जिवात पांडुरंग आहे हे जर खरे, तर तो जीव सांभाळणे हीच पूजा.

पण पुंडलिकाची कथा तेवढ्यावर थांबत नाही. त्याने देवाला जा म्हटले नाही, थांब म्हटले. थांब म्हणणारा माणूस सेवा आटोपल्यावर वळून पाहणारच. आपण वीट फेकली हे ठीक केले. आता सेवा झाली, प्रसंग टळला, आणि आपण वळूनच पाहिले नाही, तर विटेवर उभा राहिलेला तो कोणाची वाट पाहत आहे? दाराशी आलेला शेजारी, ओट्यावर वाट पाहणारा जुना टाळकरी, वर्गात पुन्हा बसायला भिणारे पोर, ही सगळी विटेवर उभी आहेत. घरात नाम घेतले तर पुण्य कमी होत नाही; पण आपली संतमंडळी एकेकटी राहिली नाहीत. शिंपी, माळी, कुंभार, सोनार, न्हावी, जनीसारखी दासी, सगळी एकत्र आली तेव्हा हा संप्रदाय झाला. आपल्या पंथात दर्शनाइतकीच भेट मोठी. एकमेकांच्या पाया पडायचे, उराउरी भेटायचे, हाताने बुक्का लावायचा, काल्याचा घास एकाने दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. यातले एकही घरात बसून होत नाही.

कोणी म्हणेल, फोनवर कीर्तने ऐकली, ती काय वाया गेली? मुळीच नाही. त्या दिवसांत फोनने पुष्कळांना तारले. मी स्वतः खोलीत भिंतीकडे तोंड करून कीर्तन केले आहे, आणि ते कोठे कोठे ऐकले गेले ते माझ्या ध्यानीमनीही नव्हते. पण त्यात एक दोष राहतो. फोनवरचे कीर्तन कंटाळा आला की बोटाने पुसून टाकता येते. देवळातले येत नाही. तिथे शेजारचा टाळ बेताल वाजवतो तो सोसावा लागतो, पुढच्याचा फेटा आड येतो, मागचे पोर रडते, आणि बुवा लांबण लावतात तेही सोसावे लागते! हे सोसणे म्हणजे काही अडचण नव्हे, सज्जनहो. हेच साधन आहे. जिथे आपल्याला नको तो माणूस शेजारी बसतो, तिथेच अहंकार झिजतो. दोन वर्षे आपण आपल्याला हवा तेवढाच आवाज ऐकला. आता माणसांचा खरा आवाज कानाला मोठा वाटतो; त्यात नवल नाही. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करणारा पाळी संपवून वर आला की उन्हाने त्याचे डोळे दिपतात. म्हणून तो सूर्याला दोष देत नाही, आणि पुन्हा खाली जाऊन बसत नाही. क्षणभर डोळ्यांवर हात धरतो, आणि मग घरची वाट चालू लागतो.

पऱ्ह्यांचा दृष्टान्त

हीच गोष्ट धानाकडून शिकू. आपल्या भंडारा जिल्ह्यात पाऊस लागला की शेतकरी आधी एका लहानशा जागेत पऱ्हे टाकतो. तिथे धान दाटीने, सांभाळात उगवते. वीस-पंचवीस दिवसांचे झाले की ते उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखलणी केलेल्या बांधीत न्यायचे आणि बाया कमरेत वाकून, गाणी म्हणत, ओळीने रोवतात. रोवणी झाल्यावर चारआठ दिवस तुम्ही धुऱ्यावर उभे राहून पाहा. काय दिसते? हिरवेगार होते ते पिवळे पडलेले, मान टाकलेले. नवखा माणूस म्हणेल, मेले! पण जाणता शेतकरी काय करतो? उपटून पाहतो काय? "का रे उभा राहत नाहीस" म्हणून ओढतो काय? नाही. पाणी बेताचे राखतो आणि वाट पाहतो. खाली मूळ धरू लागले की एके सकाळी सगळी बांधी हिरवी दिसते.

यातून दोन बोध घ्यायचे. घरातून माणसांत आलेला मनुष्य पहिले काही दिवस मान टाकतो. गर्दीत छातीत धडधडते, बोलताना शब्द सापडत नाही, दोन तास बसले की अंग दुखते, घरी आले की उगीच रडू येते. हे मरण नव्हे, रोवणी आहे. त्याला ओढू नये. हा पहिला बोध.

दुसरा बोध जरा कडू आहे. पऱ्हे टाकलेल्या जागीच जास्त दिवस राहिले तर काय होते? पाऊस ताणला आणि रोवणी लांबली की शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. कारण म्हातारे झालेले पऱ्हे रोवले तरी त्याला फुटवे कमी येतात. ज्या जागेने कोवळेपणी जपले, तीच जागा मुदत उलटल्यावर वाढ खुंटवते. घराचेही तसेच. ज्या घराने आपल्याला रोगातून वाचवले, त्या घराचे उपकार आहेत. पण त्याला कायमचे पऱ्हे करू नये. आपल्याला लोंबीवर यायचे आहे ना? लोंबी बांधीतच धरते.

माझी चूक

इथवर बोलणे सोपे होते. आता जे सांगणार ते सप्ताहात बोललो नव्हतो. तेव्हा धैर्य झाले नाही.

आमच्या मंडळीत एक वीणेकरी आहेत. नाव सांगत नाही. मी त्यांना काकाजी म्हणतो. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, पहाऱ्याने उभे राहायचे असते, हे तुम्ही जाणताच. रात्रीचा दोन ते चारचा पहारा, जो सगळ्यांना नको असतो, तो काकाजींनी वर्षानुवर्षे मागून घेतला. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली ती आपल्या भागात फार वाईट आली. काकाजींचे घर आजारी पडले. काकी गेल्या. चाळीस वर्षे जिने पहाट न चुकता त्यांच्यासाठी चहा ठेवला, तिला खांदा द्यायला चार माणसे नव्हती.

मी गेलो होतो. पण कोठवर? गल्लीच्या तोंडापर्यंत. हातात फळांची पिशवी होती, ती एका पोराच्या हाती दिली, दुरूनच नमस्कार केला आणि परतलो. मनाला समजावले की नियमच तसा आहे. आणि नियम खरोखरच तसा होता.

मग निर्बंध उठले. देवळात हरिपाठ सुरू झाला. काकाजी आले नाहीत. सप्ताह बसला, तरी नाहीत. आम्ही म्हणू लागलो, "काकाजी खचले," "वय झालं," "त्यांना आता एकटंच बरं वाटतं." मीही तेच म्हणे. शेवटी एका एकादशीला मनाने घेतले आणि गेलो. दार लोटलेलेच होते. काकाजी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसले होते. वीणा भिंतीला टांगलेली होती, तिच्यावर फडके होते.

मी म्हटले, "काकाजी, देवळात येत जा. सगळे आठवण काढतात."

ते म्हणाले, "मले आता सवय नाही रायली लोकाईची, महाराज. चार लोकं एका जागी दिसले का छातीत धडधड करते."

मी पुष्कळ बोललो. नाम, सत्संग, देह नाशिवंत, सगळे सांगून झाले. कीर्तनकाराला बोलायला काय लागते! ते ऐकत राहिले. मग तांदळातला खडा काढता काढता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तवा तुमी गल्लीच्या तोंडाशी आले होते. मी खिडकीतून पायलं. तिलेबी सांगतलं, महाराज आले म्हनून."

माझ्या तोंडचे पाणी पळाले. मी एवढेच म्हणू शकलो, "काकाजी, मी भ्यालो होतो."

"भ्यायचंच होतं तवा," ते म्हणाले. "सारेच भेत होते. मीबी भेत होतो. त्याचं काई नाही, महाराज. पन मंग तरी याचं होतं. बंदी उठली, देऊळ उघडलं, टाळ वाजाले लागले, मले इथंवर आयकू येत होतं. कोनी आलं नाही."

सज्जनहो, इतकी वर्षे निरूपण करतो. माझे निरूपण त्या दिवशी त्या माणसाने केले. तेव्हा न येणे रोगाचे होते. नंतर न येणे माझे होते. आम्ही समजत होतो की काकाजींनी आतून कडी लावली आहे. कडी होती, पण ती लावायला आम्हीही हातभार लावला होता. आत बसलेल्याला बाहेर ये म्हणण्याआधी आपण त्याच्या दाराशी गेलो होतो काय, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा. मुक्ताई ताटीशी जाऊन उभी राहिली, मग बोलली. मी देवळातून बोलत होतो.

मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी उठवले नाही, अडवलेही नाही. मग बराच वेळ दोघांनी मिळून ते तांदूळ निवडले. काकींचे विषय निघाले. त्या रोवणीच्या दिवसांत कशा गात, कशा रागावत. त्या दिवशी मी त्यांना देवळात ये म्हटले नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्यालाही गेलो.

पुढे सप्ताहाच्या आधी त्यांनीच विचारले, "रातचा पहारा कोनाकडे हाय?" म्हणाले, दिवसा लोक असतात, ते जमणार नाही; पण दोनला कोणी नसते, तेवढे उभे राहीन. आले. मी दूर खांबाला टेकून बसलो होतो. वीणा गळ्यात घालताना हात थरथरत होते, तार जुळायला वेळ लागला. चारला दुसरा पहारेकरी आला, तेव्हा रीतीप्रमाणे दोघे एकमेकांच्या पाया पडले, आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात गेली. काकाजी लगेच घरी गेले. काल्याला आले नाहीत. अजूनही दिवसाच्या गर्दीत ते येत नाहीत. पण रात्रीचा पहारा त्यांचा आहे. मूळ धरले आहे असे मी समजतो. हिरवे कधी होईल ते पाणी देणाऱ्याच्या हाती.

जुनी शिवाशीव नवी होऊ नये

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. रोगाने आपल्याला दूर उभे राहायला शिकवले. ते रोगापुरते होते. पण दूर उभे राहणे ही आपल्या समाजाची जुनी, वाईट सवय आहे, आणि जुनी सवय निमित्त शोधतच असते. चोखोबांची समाधी मंदिराबाहेर, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. आत जाऊ न दिलेल्या भक्ताची आठवण तिथे दर वारकऱ्याला होते. त्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले. तेव्हा ते दार उघडले. इतक्या कष्टाने मिळालेला स्पर्श आपण रोगाच्या निमित्ताने पुन्हा गमावू नये.

आठवा, २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत वारकरी घरात होते, पण रस्ता रिकामा नव्हता. आपल्या भंडाऱ्यावरून जाणाऱ्या महामार्गाने मजूर बायकापोरांसह छत्तीसगडकडे पायी चालले होते. डोक्यावर बोचके, पायांना फोड. त्या वर्षी खरी पायी वारी त्यांची झाली. कोणी त्यांना भाकर दिली, पाणी दिले. कोणी दार लावून घेतले. पुण्या-मुंबईहून परतलेल्या आपल्याच पोरांना गावाबाहेरच्या शाळेत ठेवले, ते नियमाने योग्यच होते. पण मुदत संपल्यावरही काहींच्या घरचे पाणी लोक कित्येक महिने पीत नव्हते. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरच्या विधवेला हळदीकुंकवाला, आणि हळदीकुंकू राहू द्या, साध्या भजनालाही बोलावले नाही, अशी उदाहरणे मला माहीत आहेत. ह्या सगळ्यांच्या मनात ते टिकून आहे. पुन्हा एकत्र यायचे तर आधी हे निस्तरले पाहिजे.

आचरावयाचे थोडके

निरूपण ऐकून घरी काय न्यायचे, असे मायबहिणी विचारतात. म्हणून थोडक्यात सांगतो.

जे अजून आत आहेत त्यांनी एकदम यात्रेत उडी घेऊ नये. आधी ओट्यावर बसावे. मग शेजारच्याकडे जावे. मग पाचसात माणसांच्या हरिपाठाला देवळाच्या पायरीवर बसावे. दाराजवळ बसावे, म्हणजे उठून जायची मोकळीक राहते. ज्यांना पायी वारी करायची आहे त्यांनी दोन महिने आधीपासून रोज चालावे. मन तयार असले तरी बसून राहिलेले पाय तयार नसतात, आणि वाटेत पाय बोलू लागतात. ज्याची धडधड, झोप न लागणे फार दिवस जात नाही त्याने डॉक्टरला दाखवावे. औषध घेतल्याने भक्ती उणी होत नाही.

जे बाहेर आहेत त्यांनी आलेल्या माणसाला "इतके दिवस कुठं होता" असे विचारू नये. नाव घेऊन "या" म्हणावे आणि टाळ हाती द्यावा. कोणी अजून मुखपट्टी बांधतो, पायाला हात लावू देत नाही, दुरूनच हात जोडतो, त्याला हसू नये. तो का जपतो ते त्याच्या घरचे जाणोत. दुरून केलेला नमस्कारही पोचतो. पोरांचे दोन वर्षांचे वय फोनपुढे गेले. ती पखवाजाजवळ यायला लाजतात. त्यांना चुकू द्यावे. चुकीच्या ठेक्याने विठोबा रागावल्याचे कधी ऐकले नाही.

आणि ज्या घरी त्या काळात कोणी गेले, आणि आपण तेव्हा जाऊ शकलो नाही, त्या घरी आता जावे. वर्षे लोटली, आता काय तोंड दाखवायचे, असे वाटेल. तरी जावे. उपदेश करू नये. काही हातात घेऊन बसावे, तांदूळ असतील तर तांदूळ निवडावे. एकदा जाऊन भागणार नाही, पुन्हा जावे.

कोणाची कडी कोणाला बाहेरून काढता येत नाही, हे खरे. पण बाहेर कोणी उभे आहे हे आत कळले तर हात कडीकडे जातो. मुक्ताईला ते ठाऊक होते. विटेवरच्याला तर ते अठ्ठावीस युगांपासून ठाऊक आहे. तो उभाच आहे. आपण निदान एखाद्या दारापुढे, एखाद्या गुरुवारी, तेवढे उभे राहू या.

रामकृष्णहरि.